नानांचं बारसं आणि मायचा होकार

नाना, तुम्ही दुसऱ्यांदा गेलात त्यालासुद्धा आता बरीच वर्षं झाली. पहिल्या खेपेबद्दल आपण दोघं कधी नीट बोललो नाही. कोणी विषय काढला की तुम्ही उठून नळावर हात धुवायला जायचात. माय या हिवाळ्यात गेली. तिच्या दहाव्यानंतर सुरतेच्या डिंडोलीतली जुनी माणसं भेटायला आली, तेव्हा एका म्हातारीनं आपल्या सुनेला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हिचेच वडील ते, चितेवरून उठून बसलेले." सुनेनं माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिलं की मला खरं सांगायचा धीर झाला नाही. लोकांच्या तोंडी तुमची चिता पेटली होती, वरून सर आली, तुम्ही पाणी मागितलंत, असं बरंच काही तयार झालं आहे. एकाच्या सांगण्यात यमाच्या दूतांनी चुकीचा माणूस उचलला आणि तुम्हाला अर्ध्या वाटेवरून परत सोडलं. चूक झाली होती हे खरं, पण ती यमाच्या दूतांची नव्हती, आपल्या गावच्या माणसाची होती. मी शाळेत मुलांना शिकवण्यात आयुष्य काढलं, लिहिण्याची मला सवय नाही. तरी जे झालं ते झालं तसं एकदा तुम्हालाच सांगावं असं वाटतं, कारण त्यातलं बरंचसं तुमच्या माघारी झालं.

त्या वर्षी गणपती उठले आणि सुरतेत तापाची साथ आल्याचं पसरलं. आपल्या गल्लीतल्या अर्ध्या घरांना दोन दिवसांत कुलपं लागली. तुम्ही मला आणि मायला भुसावळच्या गाडीत खिडकीतून आत ढकललंत आणि म्हणालात, "मिल बंद झाली की मागून येतो." मिल म्हणजे पलसाण्याचं रंगखातं. तिथे कापडाचा एकेक रंग एकेका माणसाकडे असायचा. दिवाळीच्या साड्यांचं कापड त्या महिन्यात राणी रंगात बुडत होतं आणि त्या यंत्रावर तुम्ही होता. साबण, रॉकेल, लिंबू, काहीही लावलं तरी तो रंग हातावरून जायचा नाही. मिलमध्ये माणसांना नावानं हाक मारायची गरजच नसायची. निळ्याला बोलव, पिवळा जेवायला गेला, असं चालायचं. तुमचा डबा द्यायला आले की वॉचमन आत ओरडायचा, "राणीवाले, घरून आले."

म्हणून गावचा तो माणूस, जो तुमच्याच मिलमध्ये होता, अमळनेरला उतरून चालत गावी आपल्या दारात आला आणि जे बोलला त्यावर कोणी शंका घेतली नाही. त्यानं सांगितलं की एका माणसाला चादरीत गुंडाळून नेताना पाहिलं, तोंड झाकलेलं होतं, पण हात बाहेर लोंबत होता आणि तो कोपरापर्यंत राणी होता. जवळ जाऊन पाहिलंस का, असं आबांनी विचारलं. तो म्हणाला, "आबा, त्या दिवसांत कोण जवळ जातं? आणि हात पाहिल्यावर तोंड कशाला पाहायचं?" आबा तुमचे थोरले भाऊ, दहा वर्षं तेही सुरतेत रंगावर होते. त्यांनी मान खाली घातली. आपल्या माणसांना ती खूण पुरेशी होती. दुसऱ्या कुठल्या गावानं चेहरा न पाहता कुणाला मेलेलं धरलं नसतं.

देह मिळणार नाही हे ठरल्यावर गुरुजींनी तुमचा पुतळा केला. दर्भ, पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. माय भिंतीला टेकून बघत होती. नारळ ठेवल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "डोकं तेवढं बरोबर केलंय." मी तिच्याकडे पाहिलं, ती हसत नव्हती. मग पितृपंधरवड्यातच सगळं उरकलं. मोठ्या आईनं, म्हणजे आबांच्या बायकोनं, आणि भावकीतल्या बायकांनी मायचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, आणि तिनं हात पुढे केले तेही असे, की जणू कुणाला दळण मोजून देते आहे. पळसाची राख तापीत सोडली. नंतर तुम्ही परत आल्यावर सुरतेच्या खोलीसमोर राहणारे रेल्वेतले मामा म्हणायचे की तापी सुरतेलाच येते, तेव्हा तुमची राख तुमच्या आधी पोहोचली असती, मधे उकाईच्या धरणात अडली म्हणून बरं.

दसरा झाल्यावर आबा, माय आणि मी खोली रिकामी करायला सुरतेला आलो. साथ ओसरली होती, गल्ली परत भरत होती. दुपारची वेळ आहे. माय पिंपातलं पीठ पिशवीत भरते आहे, मी भांडी बांधते आहे, आबा दारातल्या खाटेवर बसले आहेत. आणि तुम्ही येता. दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी चौकड्यांचा शर्ट. आबा उठतात आणि दाराच्या चौकटीला धरतात. माय मान वर करून आधी तुमच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघते. भुताची पावलं उलटी असतात. तुमची सरळ होती. ती बराच वेळ बघत राहते आणि मग म्हणते, "चपला बाहेर काढा."

तुम्ही चपला काढल्यात, पण आबांनी हात आडवा घातला.

"तिथंच थांब."

"आबा, मी हाय."

"तू हायस ते दिसतंय. तुझा पिंड पडलाय, आत येता यायचं नाही."

"पिंड? कधी?"

"पंधरवड्यात. कावळाबी शिवला."

मग विचारलंत, "लगेच शिवला?"

"ठेवल्या ठेवल्या."

नाना, तुमचा चेहरा त्या क्षणी पडला तो मी कधी विसरले नाही. आपण मेलो हे ऐकून तुम्हाला तितकं लागलं नाही, जितकं आपली एकही इच्छा मागे राहिली नव्हती हे ऐकून लागलं.

मग उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तुम्ही सांगितलंत. आम्हाला गाडीत बसवून परत गेलात त्याच संध्याकाळी तुम्हाला थंडी भरून ताप आला. साधा हिवताप होता, पण त्या दिवसांत अंग गरम असलेला माणूस कुणी गाडीत घेईना आणि दवाखान्यात जायची तुम्हाला भीती. यंत्रावरच्या ओडिशाच्या भाईनं तुमची पाळी स्वतःवर घेतली. मिलमधल्या चाचांनी तुम्हाला टेंपोत घालून बारडोलीजवळ त्यांच्या बहिणीकडे नेलं. उसाच्या शेताकडेच्या त्या घरात तुम्ही महिनाभर पडून होता. निरोप का नाही पाठवलात, असं आबांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "मला वाटलं, तुम्हाला वाटत असंल मी मिलमध्येच हाय." मग आबांनी त्या राणी रंगाच्या हाताचं सांगितलं, आणि तो हात तुमची पाळी घेतलेल्या भाईचा होता हे तिथेच उभं असताना तुमच्या लक्षात आलं.

आबा गुरुजींना विचारायला दुसऱ्या दिवशी गावी गेले. जाताना बजावून गेले की तोवर घरात घ्यायचं नाही, एका ताटात जेवायचं नाही. समोरच्या खोलीतले रेल्वेतले मामा ते ऐकत होते. ते बौद्ध, त्यांना आपल्या भावकीची ही सगळी लगबग नवीन होती. आबांची पाठ वळल्यावर ते मोठ्यानं म्हणाले, "जिवंत माणसाला जिवंत म्हणायला यांना गावाहून भटजी लागतो." आणि तुमची वळकटी उचलून त्यांनी आपल्या घरात नेली. तुम्ही त्यांच्या ओट्यावर राहायला लागलात, आणि आपल्या दारातून तुमच्यापर्यंत ताट नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्या आठवड्यात ओट्यावर जी माणसं जमली तशी पुढे कुठल्या लग्नातही मी पाहिली नाहीत. भाजीवाली टोपली खाली ठेवून विचारायची, "भाई, मरीने पाछा आव्या?" बायका तान्ह्या मुलांना तुमच्या पायावर घालायच्या. उधन्याहून एक माणूस मुद्दाम विचारायला आला की तिकडे उजेड असतो का. तुम्ही सगळ्यांना एकच सांगत होता, "मी तिकडं गेलोच नाही, बारडोलीला गेलो होतो." त्यांना ते पटत नव्हतं. ज्याला काही सांगायचं नसतं तो असंच बोलतो, असं ते एकमेकांना सांगत निघून जायचे.

चाचा रोज मिलमधून परस्पर यायचे. त्यांनी त्यांच्यातली गोष्ट सांगितली, की काही जण गुहेत झोपले आणि पिढ्या उलटल्यावर उठले. "बाजार गए रोटी लेने, तो सिक्का ही नहीं चला. तू अपना सिक्का देख ले, चलता है के नहीं." मागच्या गल्लीत व्याऱ्याकडची एक ख्रिस्ती नर्स राहायची, तिला सगळे सिस्टर म्हणायचे. ती म्हणाली, "आमच्यात एक जण थडग्यातून चालत बाहेर आला. पण त्यानं तिथे काय बघितलं ते कुठेच सांगितलेलं नाही. त्याच्या बहिणीनं पुढे जेवायला वाढलं, एवढंच आहे." शेजारची एक बाई मायला म्हणाली, "जिच्या नावानं आपण वडाला दोरा गुंडाळतो ती बाई यमाशी बोलून बोलून नवरा घेऊन आली, तसंच झालं तुझं." माय भांडी घासत होती, तिथूनच बोलली, "ती आणायले गई व्हती. मी ते आठे पीठ भरी राह्यंतू." सगळे हसले. मग कुणीतरी मामांना विचारलं, तुमच्यात कोण परत आलं? मामा म्हणाले, "कुणी नाही. एक बाई मेलेलं पोर घेऊन औषध मागत फिरली. तिला सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथली मोहरी आण. सगळं गाव फिरली, मोहरी मिळाली नाही."

"मग पोर?"

"पोर गेलं ते गेलं. बाई परत आली."

आणि त्याच संध्याकाळी ती विणकराची बायको आली, जिचा मुलगा त्या पावसाळ्यात गेला होता. ती खाली बसली आणि तुम्हाला सरळ म्हणाली, "माझा दिसला का हो? निळी चड्डी होती." मी तुमच्या हातात ताट देत होते. मला वाटलं, आता तुम्ही बारडोलीचं सांगणार. तुम्ही ताट बाजूला ठेवलंत. "मी तिथवर गेलो नाही बाई," तुम्ही म्हणालात, "पण मी तापात पडलो होतो ना, मला ज्यांनी भात भरवला ती माणसं माझी कोणी नव्हती. त्यांना माझं नाव पण नीट माहीत नव्हतं. तुझ्यालाबी कुणीतरी भरवतच असेल." ती बराच वेळ बसली. जाताना तुमच्या ताटातली भाकरी मागून घेऊन गेली. तुम्ही असं काही बोलू शकता हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मायला पण नसावं, कारण ती दाराआड उभी होती आणि तिचा हात तसाच राखेनं भरलेला होता.

एवढ्या वर्षांत मी अशा गोष्टी पुष्कळ ऐकल्या, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांच्या तोंडून. मेलेला परत आला की सगळे त्यालाच विचारतात, तू काय पाहिलंस. दारात उभ्या असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. परत येणं हे अर्धंच काम आहे, नाना. उरलेलं अर्धं, आत घेणाऱ्याकडे असतं. हे मला मायकडे बघून कळलं, आणि ते ज्या दिवशी कळलं त्या दिवसाचं आता सांगते.

आबा गुरुजींना घेऊन आले. मामांच्या ओट्यावर सतरंजी टाकली. गुरुजींनी सांगितलं की असं पूर्वीही घडलेलं आहे आणि त्याला वाट आहे. ज्याचे अंत्यविधी झाले त्याला पुन्हा जन्माला घालायचं. डोक्यावर तूप, जिभेवर मध, मग बारसं, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. मग तो सगळ्यांच्या पंगतीला मोकळा. तुम्ही चिडलात. "मी मरेल नही, ते जलमू कसाले? बारडोलीले जाई उनू, इतलंच."

"मग आम्ही पुतळा जाळला तो काय वेड लागलं म्हणून?" आबा म्हणाले. "गावजेवण झालंय. असाच राहिलास तर तुझ्या हातचं पाणी कोण पिईल? या पोरीला स्थळ कोण आणील?"

माझं नाव निघाल्यावर तुम्ही नरमलात. "बरं," म्हणालात, "उरका मग आजच."

तेव्हा आपल्या दारातून आवाज आला. "माले कोनी इचारं का?"

माय उंबऱ्याशी आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. चार पुरुष बसले असताना तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती गुरुजींकडे बघून बोलत होती. "यांचा नवा जन्म होणार म्हणता. म्हणजे आज हे कुणाचे नवरे नाहीत आणि मी विधवा आहे. विधवेच्या दारात बसून, आज उरका, असं कोणी म्हणतं का? पहिल्या वेळेला माझ्या बापाला विचारलं, माझ्या मामाला विचारलं. ते दोघं आता नाहीत. मग राहिलं कोण?"

"आता या वयात तुला काय विचारायचं?" आबा म्हणाले.

गुरुजींनी तपकिरीची डबी बंद केली. ते हसू दाबत होते असं मला वाटलं. "आबा, ती बोलते ते बरोबर आहे. विचारावं लागेल."

"इचारा ना," मामा खाटेवरून म्हणाले.

आबांना विचारता येईना. ते धाकट्या भावाच्या बायकोशी कधी समोरासमोर बोललेलेच नव्हते. मग तुम्हीच उठलात. रस्ता ओलांडून आपल्या दारासमोर येऊन उभे राहिलात, उंबऱ्याच्या बाहेर. सगळी गल्ली बघत होती. तुम्ही शर्टाची वरची गुंडी लावलीत आणि म्हणालात, "करशील का?"

माय म्हणाली, "विचार करून सांगते." आणि आत गेली.

नाना, तुमची ती दिवाळी ओट्यावर गेली. आबा आणि गुरुजी वाट बघून गावी परतले. गल्लीतल्या बायकांना तर सण दुप्पट झाला. नळावर मायला कोणी ना कोणी गाठायचीच.

"काय गं, जुळतंय का?"

"बघू."

"मुलगा काय करतो?"

"पलसाण्याला रंगखात्यात आहे म्हणे."

"वय काय?"

"अजून जन्मायचाय."

तुम्ही रोज दाढी करायला लागलात. मिल सुरू झाली होती, पण तापात हातावरचा रंग पार गेला होता आणि नवा अजून चढला नव्हता. ते पांढरे हात तुम्ही खिशात घालून फिरायचात. कामावरून येताना मेथीची जुडी, कधी सीताफळं आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवायचात आणि न बोलता रस्ता ओलांडून जायचात. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण तुम्ही मायसाठी म्हणून काही हातात धरून आणलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ताट घेऊन आले की तुम्ही भाताकडे बघत विचारायचात, "काय म्हणते?" मी म्हणायचे, "अजून विचार करतेय." तुम्ही मान हलवायचात आणि जेवायला लागायचात.

भाऊबीज झाल्यावर तिनं तुम्हाला बोलावलं. मामा आणि चाचा ओट्यावर होते, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं. एक, ज्यांनी कुंकू पुसलं त्यांनीच येऊन लावायचं. दुसरं, लग्न तुळशीची लग्नं लागल्यावर मुहूर्तानं, उरकल्यासारखं नाही. आणि तिसरं सांगताना ती थोडी थांबली. "पहिल्या लग्नात तांदळात तुमच्या आईनं निवडलेलं नाव लिहिलं. मला माझं नाव होतं. माझा भाऊ त्या नावानं हाक मारायचा, तो गेल्यावर ते घेणारं कोणी राहिलं नाही. तुम्हाला परत आणायला एवढी माणसं खटपट करतायत. येताना माझं नाव पण घेऊन या."

आबा असते तर वाद घातला असता. तुम्ही घातला नाहीत. "आणीन," म्हणालात.

पण आणायचं म्हणजे लिहायचं होतं, आणि तुम्हाला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. मी पाटीवर मायचं माहेरचं नाव काढून दिलं. ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे. तुम्ही मामांच्या घरी परातीत तांदूळ पसरून बोटानं ते गिरवत बसायचात. मामांची बायको म्हणायची की यांच्या नवरदेवामुळे आमचा भात रोज उशिरा शिजतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी आधी आपण सगळे तापीवर गेलो. तूप आणि मध होण्याआधी तुम्ही गुरुजींना अडवलंत. "माझ्या नावानं ठेवला तो पिंड भाईच्या नावावर करा."

"नाव, गोत्र?"

"गोत्र माहीत नाही. ओडिशाचा होता. माझ्या जागेवर उभा राहिला."

गुरुजींनी आणखी काही विचारलं नाही. पाणी सोडताना ते तेच म्हणाले, की जो याच्या जागेवर उभा राहिला त्याला. पुढे प्रत्येक पितृपंधरवड्यात आपल्याकडे एक पान जास्तीचं वाढलं जायचं, ते त्या सकाळपासून. चाचांनी मिलच्या ठेकेदाराकडून भाईच्या गावाचा पत्ता मिळवून निरोप पाठवला होता. उत्तर आलं की नाही हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

मग तुमचं बारसं झालं. शेजारच्या घरून पाळणा आणला, त्यात तुमची टोपी ठेवली, बायकांनी झोका दिला. तुमच्या बहिणीनं, माझ्या आत्यानं, टोपीच्या कानाशी वाकून तुमचं जुनंच नाव ठेवलं आणि बायकांनी तिच्या पाठीत इतके बुक्के घातले की ती हसता हसता पाळण्यावरच पडली. तुम्ही बाजूला पाटावर धोतरात गुंडाळून बसला होता, डोक्यावरून तूप ओघळत होतं. चाचा म्हणाले, "बच्चा तंदुरुस्त है, दाढी भी है."

गल्लीत खोल्यांसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. मोठी आई गावाहून आली. तिनंच कुंकू पुसलं होतं, तिनंच लावलं, आणि लावताना मायनं तिचा हात धरून आपल्या कपाळावर टेकवला. अंतरपाट धरायला भावकीतली माणसं कमी पडली, कारण काही जण पाहुणचार घेऊनही लांब उभे होते. मग एक टोक चाचांनी धरलं आणि एक मामांनी. गुरुजींनी दोघांकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "घट्ट धरा, वारा आहे." मंगलाष्टकं झाली. अक्षता मुठी भरभरून पडल्या. ज्या लोकांना तुम्ही मेल्याचं खरं वाटलं होतं आणि ज्यांना तुम्ही बारडोलीला गेल्याचं खरं वाटत नव्हतं, ते सगळे अक्षता टाकत होते. विणकराची बायको पण होती.

शेवटी तांदळाचं ताट आलं. तुम्ही अंगठी घेऊन वाकलात. एकेक अक्षर तुम्ही असं काढलंत, जसं यंत्रावर कापड काठाला काठ लावून सोडायचात. घाम तुपात मिसळून नाकावरून टपकत होता. झालं तेव्हा तुम्ही ताट मायपुढे सरकवलंत. माय त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मला हाक मारली. "वाच," म्हणाली.

तिला वाचता येत नव्हतं हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मुलीनं आईचं नाव मोठ्यानं घ्यायचं नसतं, मी कधी घेतलंही नव्हतं. मी वाचलं. मायनं मान वर केली, जसं कुणी बऱ्याच लांबून हाक मारल्यावर करतं, आणि "ओ" म्हणाली. मामांच्या बायकोनं ते नाव पुन्हा घेतलं, मग सिस्टरनं, मग सगळ्या बायकांनी. ती प्रत्येकीला ओ देत होती. तुम्ही उंबरा ओलांडून घरात आलात तेव्हा ती आत उभी होती आणि तिनं तुम्हाला पुन्हा एकदा पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "या," म्हणाली.

ते नाव मग गेलं नाही. भाजीवाली त्याच नावापुढे बेन लावून ओरडायची. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, माझ्या लग्नपत्रिकेत तेच होतं. या हिवाळ्यात दहाव्याला गुरुजींच्या नातवानं नाव विचारलं आणि मी तेच सांगितलं. आबा जिवंत असते तर म्हणाले असते, बाईचं माहेरचं नाव पिंडाला कसं. पण आता तसं म्हणणारं कोणी उरलं नाही. लोक अजून म्हणतात की आपल्या घरात मेलेला माणूस परत आला. मी त्यांना दुरुस्त करत नाही, कारण परत आली ती माय होती आणि हे त्यांना समजावून सांगायला फार वेळ लागेल.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. तापीत सोडावं म्हणून काल पुलापर्यंत नेलं होतं, मग वाटलं, पाणी सरळ समुद्राकडे जातं, तुम्ही तिकडे असाल असं काही नाही. घडी करून परत आणलं. एक गोष्ट मात्र राहिली, ती लिहून ठेवते. तुम्ही रस्त्यात उभं राहून "करशील का" असं विचारलंत ना, त्याच्या दुसऱ्या सकाळी माय तांदूळ निवडत होती आणि मी तिला विचारलं, की काय ठरवलंस. ती म्हणाली, "हो तर म्हणायचंच आहे. पण घाई कसाले?" तेव्हापासून भाऊबिजेपर्यंत मी रोज तुमच्यासमोर ताट ठेवून, अजून विचार करतेय, असं सांगत होते. मायनं सांगायला लावलं होतं हे खरं. पण नाना, मलाही ते सांगायला फार आवडत होतं.